अंगात आलेली गाडी

दिवेलागणीची वेळ होती आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हाच्या नोएडात पार्किंगला जागा जास्त आणि गाड्या कमी, म्हणून एवढी माणसं मावली तरी. मधोमध एक छोटी पांढरी गाडी उभी होती. तिचं बॉनेट उघडलेलं, बॉनेटला झेंडूची माळ, दोन्ही वायपरना कडुलिंबाच्या डहाळ्या. पुढ्यात नारळ, केळी, अगरबत्ती. वीज नेहमीप्रमाणे गेली होती आणि जनरेटर अजून कोणी सुरू केला नव्हता, कारण बाबांनीच सांगितलं होतं की अंधार पडू द्या, मातेला उजेड खपत नाही.

बाबा म्हणजे नरसिंहबाबा, गाझियाबादेकडून आलेले. लालभडक कफनी, कपाळभर कुंकू, आणि बसायला पितळी फुल्या ठोकलेला शिसवी पाट. हा पाट माझा होता, माझ्या लग्नातला. बाबांना गाडीसमोर लाकडी आसनच हवं असं कळल्यावर साऱ्या सोसायटीत ते एकट्या माझ्याकडे निघालं, आणि शेजारधर्म म्हणून मी ते दिलं. तेव्हा या गोष्टीत मी कुठे होते असं कोणी विचारलं, तर पाटाच्या रूपाने थेट बाबांच्या खाली होते.

"लोहे की गाडी है, भक्तों, पर लोहे में भी माँ बसती है," बाबा सांगत होते. "पेट्रोल से तो सिर्फ पहिया घूमता है. इंजन घूमता है श्रद्धा से."

श्रद्धेचं लिटरला अ‍ॅव्हरेज किती, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

गाडीत रसिका बसली होती, ज्यांची ही गाडी त्या घरची सून. बाबांनी तांब्यातलं पाणी आंब्याच्या पानाने उघड्या इंजिनावर शिंपडलं आणि तिला किल्ली फिरवायला सांगितली. गाडी सुरू झाली, आणि त्याच क्षणी उघड्या बॉनेटखाली, अंधारात, एक निळी ज्योत नाचली. बोटभर लांबीची, सापाच्या जिभेसारखी लवलवणारी. तडतड आवाज करत ती विझायची आणि पुन्हा उमटायची. गर्दीतून एकच हुंकार उठला. मग गाडी थरथरायला लागली. आधी बॉनेट, मग आरसे, मग सगळा सांगाडा. झेंडूची माळ घुमणाऱ्या बाईच्या केसांसारखी हलू लागली.

बाबांनी ज्योतीखालच्या भांड्यासारख्या भागावर चक्क तळहात ठेवला आणि हसले. दुसरं कोणी हात लावेल तर माँ थप्पड मारेल, म्हणाले, मी तिचं लेकरू आहे.

गाडी बंद करवली. रसिकाला उतरवलं. बाबांनी लाल चुनरी इंजिनावरून फिरवली, मंत्र पुटपुटले, आणि रसिकाच्या नवऱ्याला, श्रीपादला, आत बसवलं. त्याने किल्ली फिरवली आणि गाडी मांजरीसारखी घुरघुरत राहिली. थरथर नाही आणि ज्योतही नाही.

"देख लिया?" बाबा म्हणाले. "माँ को बहू का हाथ मंजूर नहीं. अष्टमी को चाबी माँ के चरणों में रख दो, आगे से बेटा ही चलाए. फिर ये गाडी कभी बंद नहीं होगी. कभी नहीं."

श्रीपादच्या आईने, कौशल्याबाईंनी, पदराने डोळे टिपले. रसिकाची नजर त्या लाल चुनरीवर होती. मी तिसऱ्या रांगेत उभी राहून पाट परत कसा मिळवायचा याचा विचार करत होते.

आता ही माता आली कुठून, ते सांगायला हवं. ती मी आणली.

मी मूळची साताऱ्याकडची. लग्न होऊन दिल्लीत आले, सरकारी क्वार्टरांत वय गेलं, मुलगा हिंदूरावच्या इस्पितळात झाला, आणि निवृत्तीच्या सुमारास आम्ही नोएडात फ्लॅट घेतला. सेक्टरांमधून तेव्हा मोहरीची शेतं होती. सकाळी गॅलरीतून पिवळा गालिचा दिसे आणि दुपारी त्याच बाजूने बांधकामाची धूळ घरात येई. रोज काहीतरी नवीन उघडत होतं, बँक, शाळा, परदेशी नावाची कंपनी. आमच्या सोसायटीत मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. मी शाळेत भूगोल शिकवलेली, त्यामुळे महिला मंडळाची अध्यक्ष आपोआप झाले आणि अध्यक्ष झाल्यामुळे भाषणं आपोआप आली. त्यातलं एक अंधश्रद्धेवर होतं. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या.

तर पावसाळा सरताना एका संध्याकाळी रसिका ऑफिसमधून आली आणि गाडी सोसायटीच्या फाटकातच आचके देऊ लागली. पुढे सरकेना, बंदही पडेना, नुसती अंगभर कापत उभी. मी आणि कौशल्याबाई बाकावर बसलो होतो. मी हसून म्हटलं, "अहो, गाडीच्या अंगात आलंय."

बोलून सोडून द्यायला हवं होतं. पण बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यागीबाई होत्या, गाझियाबाद माहेर असलेल्या, आणि मराठीत हशा पिकला की त्यांना त्याचं हिंदी हवंच असे. आणि मला माझ्या हिंदीचा फार अभिमान. मी ऐटीत सांगितलं, "गाडी में माता आ गई."

त्यागीबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, कधीपासून?

इथे माझी जी काही विद्वत्ता होती ती संपली. आपल्याकडे अंगात येतं, ते येतं आणि जातं, त्यावर विनोदही करता येतो. तिकडे माता येणं म्हणजे देवी अंगात येणं, आणि माता येणं म्हणजे कांजिण्याही. अर्ध्या सोसायटीला वाटलं गाडीत देवी उतरली. उरलेल्या अर्धीने गाडीला कांजिण्या झाल्याच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी वायपरना कडुलिंब बांधला. मी दोन्ही गटांना समजावायला गेले, पण जितकं समजावलं तितका लोकांचा समज पक्का झाला की मराठी मॅडमनी हे सर्वांच्या आधी ओळखलं होतं.

गाडी पुन्हा पुन्हा तशी करू लागली, आणि दर वेळी रसिका चालवत असतानाच. श्रीपाद ऑफिसला चार्टर्ड बसने जाई. तो गाडी काढायचा रविवारी सकाळी, भाजीपुरती. त्याच्या हातात ती कधी कापली नाही. मेकॅनिकने दोनदा प्लग घासून दिले, चार दिवस बरं चाललं, परत तेच. मग त्यागीबाईंच्या ओळखीने नरसिंहबाबा आले आणि त्यांनी कडुलिंबवाल्यांना आणि देवीवाल्यांना एकत्र केलं. त्यांचं कसब मोठंच म्हणायला हवं. माझ्या महिला मंडळाला मला कधी एकत्र करता आलं नव्हतं.

त्या अंधारातल्या पूजेच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, रसिका माझ्याकडे आली. स्वयंपाकघरात उभी राहिली, बसली नाही.

"काकू, माता तुम्ही आणलीत. आता घालवायची कशी ते सांगा."

मी म्हटलं, मी बोलते तुझ्या सासूबाईंशी, मंडळातलं माझं भाषण आहे ना.

"ऐकलंय त्यांनी. पहिल्या रांगेत होत्या. त्यांना आवडलंही होतं."

मी चहाचं आधण ठेवलं.

रसिका पुण्याची, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. ओखल्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागली होती आणि संध्याकाळी परतायला उशीर होई. त्या काळात संध्याकाळच्या बसमध्ये बाईने चढायचं म्हणजे काय, हे दिल्लीत राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. गाडी गेली की नोकरी गेली, इतकं ते सरळ होतं. श्रीपाद भला माणूस, पण त्याच्या भलेपणाला कणा नव्हता. तो म्हणत होता, आईचं समाधान होऊ दे, पुढे बघू.

आणि कौशल्याबाई दुष्ट नव्हत्या. त्यांचा नवरा रिंगरोडवर, भर रहदारीत स्कूटर बंद पडून, अपघातात गेला होता. तेव्हापासून त्या गाडीत कधी पुढे बसल्या नाहीत. मागे, डोळे मिटून, वरचा कडीसारखा दांडा घट्ट धरून बसायच्या. सून रोज यमुनेच्या पुलावरून ती कापणारी गाडी आणते, या विचाराने त्यांची रात्रीची झोप गेली होती. बाबाने त्यांना एकच शब्द दिला होता, कभी नहीं. त्या शब्दासाठी त्या सुनेची नोकरीच काय, स्वतःचं जपून ठेवलेलं मंगळसूत्रही देऊन टाकतील, असं रसिका म्हणाली आणि तिच्या आवाजात राग कमी आणि काळजी जास्त होती.

"बाबा पाणी कधी शिंपडतो आणि चुनरी कधी फिरवतो, पाहिलंत?" तिने विचारलं.

मी पाहिलं नव्हतं. मी पाट पाहत होते. पण शिक्षकाला माहीत नाही म्हणणं जड जातं, म्हणून मी माझा सिद्धांत मांडला. सगळं रहस्य पाटात आहे, मी म्हटलं. लाकडातून वीज जात नाही. म्हणून त्याला शॉक बसत नाही. पाट काढून घे की बाबा उघडा पडला. रसिकाने मान तिरकी केली आणि म्हणाली, करून पाहू या.

बाबा पाट पूजेनंतर कौशल्याबाईंच्या दारात ठेवून जात. तो घेतला, इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची माझी बाटली घेतली, रसिकाचे भांडी घासायचे रबरी हातमोजे घेतले, आणि भर दुपारी, सोसायटी झोपलेली असताना, आम्ही पार्किंगमध्ये गेलो. गाडी दुधाच्या बूथपर्यंत फिरवून गरम करून आणली. उजेडात ज्योत दिसणार कशी, तर रसिकाने एक जाड चादर बॉनेटवरून आणि आमच्या डोक्यांवरून पांघरली. सर्दी झाल्यावर वाफ घेतात, तशा आम्ही दोघी इंजिनावर वाकलो होतो. नंतर कळलं की दोन घरांच्या गॅलरीतून हे पाहिलं गेलं आणि मराठी मॅडम गुप्त पूजा करतात अशी बातमी संध्याकाळपर्यंत पसरली.

रसिकाने चालू इंजिनावर बाटलीतून पाण्याचा एक फवारा मारला आणि तीच निळी ज्योत उमटली. मंत्र नाही, माता नाही, इस्त्रीच्या बाटलीतून. एका काळ्या डबीसारख्या वस्तूच्या टोपणावर ती सरपटत होती. खाली धातूचं भांडं, वर काळं टोपण, टोपणातून जाड वायर. आणि त्या टोपणाला केसाएवढी एक चीर.

आता माझा सिद्धांत. मी पाटावर उभी राहिले, हात पुढे केला आणि वाकताना गुडघा दुखला म्हणून सवयीने मडगार्डवर टेकले. टोपणापाशी बोट गेलं आणि मातेने थप्पड मारली. दंडापर्यंत मुंगळे चढले. बांगड्या वाजल्या आणि माझ्या तोंडून साताऱ्याचा एक शब्द निघाला, जो भूगोलाच्या पुस्तकात नाही. हे तुम्ही कोणी करू नका.

"पाट चालला नाही," मी म्हटलं.

"तुम्ही मडगार्डला टेकलात. विजेला परत जायला वाट मिळाली." रसिकाने मोजे घालत विचारलं, "आणि बाबा हात कुठे ठेवतो? वर की खाली?"

खाली. धातूच्या भांड्यावर. ते गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं, तिथे काही बसत नाही. ती थप्पड फक्त वरच्या टोपणाची. माझ्या शिसवी पाटाचा या चमत्काराशी काहीही संबंध नव्हता. बाबाला तो बसायलाच हवा होता, कारण पार्किंगची फरशी गार होती.

मग रसिकाने मला शिकवलं, आणि इतकं नीट की पुढे मी ते मंडळात शिकवलं. त्या काळ्या डबीला कॉइल म्हणतात. बॅटरीतला करंट कमी दाबाचा, कॉइल तो हजारो व्होल्टपर्यंत चढवते आणि वायरीने प्लगकडे पाठवते. प्लगच्या दोन टोकांत थोडी फट असते. करंट ती फट उडी मारून ओलांडतो, ती ठिणगी, आणि तिच्यावर पेट्रोल पेटतं. रसिकाने इंजिन चालू ठेवून मोजा घातलेल्या हाताने तिन्ही प्लगच्या वायरी एकेक करून उचलल्या. दोन वायरी उचलल्यावर आवाज लगेच बदलला. मधली उचलली तरी इंजिनाला पत्ताच नव्हता. म्हणजे तो प्लग काम करतच नव्हता. इंजिन बंद करून, निवू देऊन, तिने तो उलगडून काढला. टोक म्हाताऱ्या दातासारखं झिजलेलं, फट नको तेवढी रुंद.

"फट वाढली की उडी जड जाते," ती म्हणाली. "मग करंट सोपी वाट शोधतो. कॉइलची चीर ही सोपी वाट. पाणी मारलं की आणखी सोपी. गाडी खूप चालून कॉइल तापली की न मारताही. मी पूल ओलांडून येते तेव्हा ती तापलेली असते. श्रीपाद भाजी घेऊन येईपर्यंत तिला घामही येत नाही."

मेकॅनिकचं प्लग घासणं का पुरलं नाही, तेही कळलं. चीर तशीच होती. आणि नुसती कॉइल बदलून झिजलेले प्लग ठेवले असते, तर तेही नव्या कॉइलला लवकर थकवणारच होते.

मी म्हटलं, मग आजच दोन्ही बदलून टाक.

"बदलली की गाडी नीट चालेल, आणि बाबा म्हणेल माझ्या पूजेने चालली. किल्ली तरीही जाईल, काकू."

हे मला सुचलं नव्हतं. आजार सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ओळखला जाईपर्यंत औषध थांबवायचं होतं. अष्टमीपर्यंत रसिका तीच गाडी घेऊन ओखल्याला जात राहिली, आणि वाटेत सावली दिसली की बॉनेट उघडून ती निववत राहिली.

अष्टमीला गर्दी आधीपेक्षा मोठी. शेजारच्या सेक्टरातले लोक आले होते. कौशल्याबाईंच्या हातात ताट, ताटात हळदकुंकू आणि मधोमध किल्लीसाठी मोकळी जागा. बाबांनी पाणी शिंपडलं आणि रसिकाला बसायला खुणावलं. माता बहूला शेवटचं दर्शन देईल, म्हणाले, मग किल्ली.

रसिका गाडीत बसली नाही. ती सासूसमोर जाऊन उभी राहिली.

"आई, एक मागते. आज चुनरी माझ्या आधी फिरवा. बाबांनी नको, तुम्ही. ओटा पुसता ना, तशी. कोरडं करा. त्यानंतर गाडी कापली तर किल्ली ताटात ठेवते आणि पुन्हा कधी मागणार नाही."

बाबांनी मध्येच सांगितलं की चुनरी फक्त बेट्यासाठी असते, बहूसाठी शास्त्रात नाही. कौशल्याबाई घुटमळल्या. तेवढ्यात त्यागीबाई गर्दीतून म्हणाल्या, "बाबाजी, माँ बहू की भी तो माँ है. चुनरी से क्या घट जाएगा?" बायकांच्या बाजूने एक कुजबुज उठली आणि बाबांचा हात सैल झाला.

कौशल्याबाईंनी चुनरी घेतली. त्यांच्या ओट्यावर मुंगीला पाण्याचा थेंब सापडत नाही, हे मला माहीत आहे. त्यांनी ती डबी, ते टोपण, ती वायर, सगळं त्याच हाताने पुसलं, वरून, खालून, कडेकडेने. पुसता पुसता त्या थांबल्या आणि टोपणावर अंगठा फिरवला. त्यांना चीर लागली होती.

रसिका बसली. किल्ली फिरवली. गाडी घुरघुरली आणि घुरघुरत राहिली. ज्योत नाही. झेंडूची माळ जागची हलली नाही. एवढ्या गर्दीत इंजिनाचा आवाज एकटाच ऐकू येत होता.

मग ती उतरली आणि श्रीपादकडे पाहिलं. पुढे होणार होतं ते त्याला तिने आदल्या रात्री सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. तो गुपचूप आत जाऊन बसला. पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे होतं. आंब्याच्या पानाने चार थेंब टाकायचे ठरलं होतं. पण अध्यक्षांना हात आखडता घेता येत नाही. मी अख्खा तांब्या उचलला.

"अरे उधर मत डालो," बाबा ओरडले. "कॉयल शॉर्ट हो जाएगी."

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. त्यागीबाईंनी अगदी भक्तिभावाने विचारलं, "बाबाजी, ये कॉयल कौन-सी देवी हैं?"

पहिलं कोण हसलं ते आठवत नाही. मी तांब्या ओतला, श्रीपादने किल्ली फिरवली, आणि माता पुत्रावरही कोपली. निळी ज्योत टोपणभर नाचली, आरसे थरथरले, कडुलिंबाची एक डहाळी निसटून खाली पडली आणि गाडीने दोन आचके देऊन मान टाकली.

श्रीपाद खाली उतरला आणि किल्ली त्याने रसिकाच्या हातात दिली. "आई," तो म्हणाला, "दोष माझ्यातही निघाला."

हशा झाला. बाबांनी त्या हशात नारळ आणि केळी गोळा केली आणि फाटकाकडे वळले. काही जण म्हणाले, त्यांचं पूर्वी गाझियाबादेत गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. असेलही. मी पाहिलेलं नाही, म्हणून मी तसं म्हणणार नाही. चीर कुठे आहे आणि पाणी कुठे टाकायचं हे त्यांना ठाऊक होतं, एवढं सगळ्यांनी पाहिलं.

पण कौशल्याबाई हसत नव्हत्या. त्यांचं ताट अजून हातात होतं आणि माता गेल्यावर त्यांची भीती तिथेच उरली होती. त्यांनी सुनेला विचारलं, "दुरुस्त केलीस की मग पुलावर बंद पडणार नाही ना? कधी?"

इथे रसिकाने कभी नहीं म्हटलं असतं, तर कोणी तिला दोष दिला नसता. मी तर मनातल्या मनात म्हण, म्हण, असं करत होते.

रसिका म्हणाली, "नवी कॉइल आणि तिन्ही प्लग घातले की या कारणाने पडणार नाही, आई. दुसऱ्या कशाने पडू शकते. यंत्र आहे. पडली तर बाजूला घेऊन थांबीन, आणि बॉनेट उघडून बघीन."

कौशल्याबाईंनी ताट माझ्या हातात दिलं, जणू मी त्यासाठीच उभी होते, आणि किल्ली रसिकाच्या हातातच राहिली.

"तो म्हणाला होता कधीच नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांना स्कूटर विकणाराही तेच म्हणाला होता."

त्या रविवारी नवरा-बायको कश्मीरी गेटच्या बाजारातून कॉइल आणि प्लग घेऊन आले. रसिकाने पार्किंगमध्येच ते बसवले. आधी बॅटरीची वायर काढली, प्लग बोटांनी हलकेच फिरवत बसवले आणि मगच पान्याने आवळले. वायरी ज्या त्या जागी लावल्या. कौशल्याबाई शेजारी उभ्या राहून निघालेला एकेक प्लग फडक्यावर ओळीने मांडत होत्या, ओले बदाम सोलून मांडावेत तसे. सगळं झाल्यावर रसिका म्हणाली, एक चक्कर मारून येऊ, पुलापर्यंत. मी, कौशल्याबाई आणि ती. मी सवयीने पुढचं दार उघडलं, तर कौशल्याबाईंनी मला दंडाला धरून मागे सरकवलं आणि पुढे जाऊन बसल्या. मला मागे, दांड्याच्या बाजूला बसावं लागलं. पुलावर त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. आरशातून मला दिसत होतं.

याला आता फार वर्षं झाली. मोहरीची शेतं गेली, मेट्रो आली, गाड्यांमध्ये पडद्यावर दोष लिहून येतो. बाबा लोकही सुधारले, त्यांच्याकडेही पडदे आले. त्यामुळे माझ्या वाचकांना मला जे सांगायचं आहे ते जुनंच आहे. चमत्कार दिसला तर जरूर पाहा, पण ज्योतीकडे नंतर पाहा. आधी पाणी कोण शिंपडतंय आणि कोणाच्या वेळी पुसतंय, ते पाहा. घरातल्या कोणा एकावर दोष आला, तर त्याच्या जागी दुसऱ्याला बसवून, सगळं उलटं करून पाहा. ते करू देत नसतील, तर तेवढ्यानेही बरंच कळतं. तुमचा स्वतःचा लाडका सिद्धांतही असाच तपासा, आणि तपासताना मडगार्डला टेकू नका. आणि कोणी तुम्हाला कधीच नाही असा शब्द दिला, तर त्याच्या हातात काही देण्याआधी थोडं थांबा. जो म्हणतो की बिघडेल, पण मी बघीन, त्याच्या गाडीत बसायला हरकत नाही.

पाट माझ्याकडे आहे. मुंजीला, बारशाला मागायला आले की देते. विनोद मात्र मी आता फक्त मराठीत करते, आणि कोणी अर्थ विचारला तर म्हणते, कुछ नहीं.